बँडवाल्याची जुनी मॅटाडोर घेऊन कॅम्पर करायचं डोक्यात आलंय, घेऊ का?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक मॅटाडोर उभी आहे, टेम्पो कंपनीची, गोल दिव्यांची, १९८८ चं पासिंग. लग्नाच्या बँड पार्टीची गाडी. टपावर भोंगे होते त्यांचे नुसते अँगल राहिलेत, मागच्या दारावर 'बघतोस काय मुजरा कर' आणि आत चारी बाजूनं लाल मखमल, तिच्यात आता मांजर राहते. मालक म्हणाले डीजे आला आणि बँड बसला, मग गाडी पण बसली. ४ वर्षं जागची हललेली नाही. १ लाख २० हजार सांगतात, बसून बोलू म्हणाले.

आता मी शाळेत मॅटाडोरनंच जायचो. ड्रायव्हरकाकांच्या शेजारी इंजिनाचं जे डबडं असतं त्याच्यावर बसायला आमची भांडणं व्हायची, कारण थंडीत तिथं बूड मस्त शेकायचं. त्या डिझेलच्या आणि तापलेल्या रेक्झिनच्या वासात माझी चौथी ते सातवी गेली. त्यामुळं ती गाडी दिसली की रोज स्कूटर आपोआप हळू होते. डोक्यात असंय की मागं दोघा पोरांसकट झोपायची सोय करायची, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि सुट्टी मिळाली की निघायचं. नळदुर्ग, नान्नज, उजनी, आणि हिंमत झाली तर दिवाळीत कोकण.

बायको म्हणते घरात माणसांना जागा नाही आणि तुम्हाला रस्त्यावर संसार मांडायचाय. तिचंही बरोबर आहे. पण कुणी असली जुनी गाडी घेऊन खरंच फिरतं का, घेताना बघायचं काय, आणि ४ वर्षं बंद पडलेलं इंजिन चालू होतं का एवढं सांगा.

चार_पुतळा_कट्टा

काय बे, १ लाख २० हजारात बँडवाल्याची गाडी घ्यायलास, वर नाचायला ४ पोरं फुकट देतो का विचार की. आणि मे महिन्यात त्या पत्र्याच्या डब्यात झोपलास तर सकाळी कडक भाकरी होऊन निघशील. फोटो टाक पण.

जुना_फिटर

टॉवेलवाले, चेष्टेकडे लक्ष देऊ नका. मी ३० वर्षं डिझेल गाड्यांचं काम केलंय, आता गुडघे गेले म्हणून बंद केलं. सगळे आधी इंजिन बघतात. तुम्ही इंजिन सगळ्यात शेवटी बघा. इंजिन उतरवता येतं, उघडता येतं, दुसरं मिळतं. पत्रा गेला की गाडी गेली.

जाताना एक जाड स्क्रू ड्रायव्हर न्या. दाराच्या खालची पट्टी, चाकांच्या वरची कमान, ड्रायव्हरच्या पायाखालचं, आणि टपाच्या कडेची पन्हळ, तिथं जोर देऊन टोचून बघा. टक्क वाजलं तर पत्रा आहे, आत गेला तर तो नुसता रंग आणि लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) आहे. आणि ते भोंग्याचे अँगल, त्यांच्या बोल्टच्या भोकातून ४ पावसाळे पाणी आत गेलेलं असणार. ती मखमल दिसायला झकास पण पाणी धरून ठेवायला फडक्यासारखी, ती उचकटल्याशिवाय खालचा पत्रा कळणार नाही. मालक नाही म्हणाला तर समजून जा.

मॅटाडोर यासाठी चांगली का ते पण सांगतो. ही पुढची चाकं ओढणारी गाडी आहे. मागं शाफ्ट जात नाही त्यामुळं मागची फरशी खाली आणि सपाट. म्हणून तर अँब्युलन्स, शाळेची गाडी, बँड सगळ्यांना चालली, म्हातारं माणूस सुद्धा एका पायरीत आत. तुम्हाला पलंग मांडायला तेच पाहिजे. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे सगळा ताण पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटवर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट कट कट वाजलं की जॉइंट गेले म्हणून समजा आणि तेवढे पैसे कमी करून मागा.

आता इंजिन. ४ वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. मालक हौसेनं मारायला जाईल, हात धरा. आधी नोजल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढून सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग पान्यानं हातानं फिरवायचं. फिरलं तर नशीब. टाकीतलं डिझेल सगळं काढून टाका, तळाला काळा चिखल असतो तो पंपात गेला तर पंपाचा खर्च गाडीच्या वर जाईल. फिल्टर नवा, ऑइल नवं, एअर काढा, मग सेल्फ. चालू झाली की धूर बघा. निळा असेल तर ऑइल खाते. काळा असेल तर डिझेल जास्त पडतंय नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय. पांढरा धूर गार असताना २ मिनिटं ठीक, गरम झाल्यावर पण राहिला तर कॉम्प्रेशन नाहीतर नोजलचं काम, आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांमध्ये जे ओएम ६१६ इंजिन आलं ते मर्सिडीजच्या परवान्यावर इथं बनायचं, २.४ लिटरचं, त्याचे पार्ट अजून मिळतात. तुमच्या गाडीत मूळचं इंजिन आहे का मधे कुणी बदललंय ते बघा, आणि बदललं असेल तर तो नंबर आरसीवर चढलाय का ते त्याहून आधी बघा.

ब्रेकचे रबर सगळे बदलायचे, त्यात विचार करायचा नाही. टायरला नक्षी दिसते म्हणून वापरू नका, बाजूला ४ आकडी नंबर असतो, समजा १८१५ असेल तर २०१५ सालातला १८ वा आठवडा. रबर उभ्या उभ्या मरतं.

मखमली_मॅटाडोर_पंढरपूर

टॉवेलवाले दादा, घ्या!! मी घेतलीय, ६ वर्षं झाली, आमची शाळेची होती. फिटरकाकांनी सगळं सांगितलंच आहे त्यामुळं मी फक्त चालवायचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि माणूस पार्टच्या यादीला घाबरून परत जातो.

पहिली गोष्ट म्हणजे ही गाडी ५० ते ५५ वर चालते. पळते त्याच्यावर, पण बोलता येत नाही आतमध्ये. सुरवातीला मला लाज वाटायची, हायवेला उसाचा ट्रॅक्टर सोडला तर सगळे मला मागं टाकायचे, वारकऱ्यांच्या ट्रकनं सुद्धा टाकलं एकदा, आणि टपावरच्या माउलींनी हात हलवला. मग हळूहळू कळलं की घाईच संपली. मी डावी लेन धरतो, पहाटे साडेचारला निघतो आणि ९ च्या आत पोचेल तिथं थांबतो. पुढची काच मोठी, आपण जवळजवळ चाकाच्या वर बसलेलो, पुढं नाक नाहीच म्हटलं तरी चालेल, त्यामुळं रस्ता थेट पायाखालून आत येतो असं वाटतं. ज्वारीच्या दिवसात मंगळवेढ्याकडं सकाळी जा एकदा, दोन्ही बाजूला कणसं, थंडी, आणि तुम्ही म्हणता तसं ते डबडं शेकत असतं. मी अजून तिथं हात ठेवून चालवतो.

आणि लोक! नव्या गाडीला कुणी विचारत नाही. ही उभी केली की १० मिनिटात गोळा होतात. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला गेलतो जानेवारीत, रात्री तिथंच मुक्काम, सकाळी दार उघडलं तर ५ आज्या रांगेत. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे काल पोरगा सांगत होता ही कॅम्पची गाडी आहे, डोळ्यांचा कॅम्प का गुडघ्याचा? आमच्या हिनं चहा केला सगळ्यांना. एकीनं जाताना हुरड्याची कणसं दिली. आता मी मागच्या काचेवर लिहून टाकलंय, 'कॅम्प नाही, घर आहे'.

चूक पण सांगतो. पहिल्याच वर्षी आंबा घाटातनं कोकणात उतरलो, गाडी भरलेली, मी शहाणा तिसऱ्या गियरमधे ब्रेकवर पाय ठेवून. अर्ध्यात ब्रेकचा वास आला, मग पेडल दाबून पण गाडी थांबेना म्हणजे धरायचीच नाही नीट. कशीबशी पहिल्यात टाकली आणि डोंगराच्या बाजूनं लावली. पाऊण तास गार होईपर्यंत बसलो. गाडीचा दोष नाही, माझाच. ज्या गियरमधे चढाल त्याच गियरमधे उतरा, ब्रेक अधूनमधून मारा, पाय ठेवून बसू नका.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिल मे मधे दुपारी कुठलीच गाडी आत बसायच्या लायकीची नसते. टप पांढरा करा, फार फरक पडतो. डबड्याच्या आतून ग्लासवूल आणि वर जाड रबर. मागच्या दाराला वाळ्याचा पडदा ओला करून लावा, आपली हवा कोरडी म्हणून तो इथं काम करतो, कोकणात नाही करत, तिथं नुसतं आणखी दमट होतं. फ्रिजच्या नादाला लागू नका. आपल्याकडं फ्रिज लागतो कशाला, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही वाटेत घ्यायचं. कॅम्परसाठी याच्याहून चांगलं जेवण जगात कुणी काढलेलं नाही.

लाइट आणि पंख्याला वेगळी बॅटरी ठेवा, गाडीच्या बॅटरीवर चालवलं तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधाल. २० वॅटचा पंखा ८ तास म्हणजे १६० वॅटतास, १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीतनं १३-१४ अँपिअरतास जातात, आणि लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही एवढा हिशेब धरा. तुम्ही हिशेबनीसच आहात. आणि शेगडी दार बंद करून कधीच नाही. थंडी असो पाऊस असो.

हॅम्बुर्ग_रिटर्न

मूळचा सोलापूरचाच, सात रस्त्याजवळचा, नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत होतो. तिथं जुन्या फोक्सवॅगन बसचं वेड बघितलंय. एक गंमत सांगतो, तुमच्या या गाडीचं आणि त्या बसचं नातं आहे.

फोक्सवॅगनची बस म्हणजे ती दोन भागांच्या काचेची, गोल तोंडाची, सगळ्यांना फोटोतून माहीत असलेली. तिची कल्पना बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याची, त्यानं १९४७ मध्ये वहीत एक डबा काढला, मागं इंजिन, पुढं ड्रायव्हर. १९५० ला ती बनायला लागली आणि लगेच १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात पलंग-कपाट बसवून द्यायला लागली. ती दोन काचांची १९६७ पर्यंत, मग एक सलग काच आली. इंजिन हवेवर गार होणारं, रेडिएटरच नाही. याच बसमधून ६०-७० च्या दशकात लोक इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गोव्यापर्यंत यायचे, १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं तेव्हा तो रस्ता संपला. ब्राझीलमध्ये मात्र ही बस २०१३ पर्यंत बनत होती.

आता मॅटाडोर. हॅम्बुर्गजवळच्या टेम्पो कंपनीनं १९४९ ला पहिली मॅटाडोर काढली तेव्हा तिच्यात इंजिन फोक्सवॅगनचंच होतं, २५ हॉर्सपॉवरचं. मग फोक्सवॅगनची स्वतःची बस आली, आणि प्रतिस्पर्ध्याला कोण इंजिन देतंय, १९५२ मध्ये पुरवठा बंद. भावकीतलं भांडण म्हणा. आपल्याकडं फिरोदियांनी त्याच टेम्पोबरोबर बजाज टेम्पो सुरू केली १९५८ ला, मॅटाडोर १९६९ ला, पुण्यात आकुर्डीला. ती जर्मनीतल्या पुढच्या पिढीची. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं पण आपल्याकडं अजून कुठलीही व्हॅन दिसली की म्हातारी माणसं मॅटाडोरच म्हणतात.

तिकडं चांगल्या स्थितीतली जुनी बस घ्यायची तर आपल्याकडं फ्लॅट विकावा लागेल. मी तिथं एकाची चालवलीय. स्टिअरिंग ताटाएवढं आणि जवळजवळ आडवं, गियरची काठी लांबलचक, दुसरा गियर शोधायला गावाला जाऊन यावं लागतं. उतरलो तेव्हा खांदे दुखत होते आणि तोंड भरून हसत होतो. मॅटाडोर चालवताना तुम्हालाही तेच होणार, निम्म्याच्या निम्म्या पैशात.

आरसी_आधी_बघा

सगळे छान छान बोलायलेत म्हणून मला वाईट बोलावं लागतंय. मी दुसऱ्या जिल्ह्यातनं एक जुनी व्हॅन घेतली होती, एजंट म्हणाला कागद महिन्यात होतील. ११ महिने झाले, चासी नंबरचा एक आकडा आरसीशी जुळेना, शेवटी भंगारात दिली. तर आधी पेन्सिल आणि कागद घेऊन चासी नंबरचा छाप काढा, आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. बँकेचा बोजा आरसीवर आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०.

मग पुढचं. बँडची गाडी म्हणजे बहुतेक पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची नोंद असलेली असणार. ती खाजगी करून घ्यावी लागेल, आणि मागचा टॅक्स, फिटनेस, उशिराचा दंड किती साठलाय ते मालकाच्या तोंडून ऐकू नका, ऑफिसमधून काढा. खाजगी गाडीचं १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्युअल. ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या चारचाकीला १० हजार. शिवाय पर्यावरण कर. किंमत ठरवताना हे सगळं धरा.

विंटेज विंटेज म्हणतात त्याचं पण सांगतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी. फी २० हजार, १० वर्षांसाठी, नंबरात व्हीए येतं. पण ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. तुमची १९८८ ची, म्हणजे बसतच नाही, आणि बसली असती तरी तुम्हाला फिरायचंय ना? मग नकोच ते.

आत पलंग-शेगडी कायमची बसवणं म्हणजे गाडीत बदल, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. वेल्डिंग करायच्या आधी जाऊन लेखी विचारा. नंतर विचारलं की सगळं काढायला सांगतात. आणि ते १० वर्षांच्या डिझेल गाडीला बंदी वगैरे दिल्ली आणि आसपासचं आहे, आपल्याकडं नाही, तेवढ्यासाठी घाबरू नका.

चार_पुतळा_कट्टा

डोळ्यांचा कॅम्प का गुडघ्याचा 😂😂 आज्या एक नंबर

टॉवेलवाला_सोलापूर

मंडळी, रविवारी जाऊन आलो. बायको पण आली, म्हणाली मी फक्त बघायला येते.

स्क्रू ड्रायव्हर नेला होता. डाव्या दाराखाली सरळ मुठीपर्यंत आत गेला. मालकांचं तोंड उतरलं, मलाच वाईट वाटलं. उजवी बाजू मात्र टणक. टपावर अँगलच्या ८ भोकांपैकी ३ च्या भोवती गंज, पण मखमल एका कोपऱ्यात उचकटू दिली, खालची फरशी बरी निघाली, नुसती लाल रंगानं माखलेली. चासी नंबर जुळला. गाडी पिवळ्या पाटीचीच आहे आणि फिटनेस ५ वर्षांपूर्वी संपलाय, त्याचे आकडे काढायला एका ओळखीच्यांना सांगितलंय. सेल्फ मारू दिला नाही, फिटरकाका. मालकांचा हात किल्लीवर गेला होता, खरंच धरला.

बायकोनं काय केलं, आत जाऊन ओढणीनं मापं घेतली. ओढणी अडीच मीटरची आहे म्हणे. मग मला विचारते, ओटा डाव्या बाजूला का उजव्या, दार कुठल्या बाजूला उघडतं बघून ठरवलं पाहिजे. मी काही बोललो नाही, बोललो की मोडतंय.

८० हजारावर आलेत, पत्र्याचं काम बघून. मालकांनी एकच अट घातली. मांजरीनं परवाच पिल्लं घातलीत मखमलीत, ४ आहेत, डोळे पण उघडले नाहीत. ती स्वतःच्या पायानं बाहेर पडेपर्यंत गाडी हलवायची नाही. मी हो म्हणून आलो. तोपर्यंत टाकी उतरवून साफ करायला मांजरीची काही हरकत नसावी, का फिटरकाका?

जुना_फिटर

टाकी खालनं उतरते, मांजराला कळणार पण नाही. नोजल मात्र आतलं डबडं उघडल्याशिवाय निघत नाहीत, ते नंतर. महिना दीड महिना धरा. घाई कुठंय, ४ वर्षं उभीच आहे.

चार_पुतळा_कट्टा

बाहेर काढायच्या दिवशी धक्का मारायला सांग बे. ४ पोरं घेऊन येतो, नाचणार नाहीत.